पतपेढीतलं तारण आणि चर्चमधलं तारण : नव्याने येणाऱ्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर मी दाराशी चपला शोधत होते, तेव्हा एका पोराने मला गाठलं. एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला, मित्राबरोबर पहिल्यांदाच आलेला. म्हणाला, "ओ ताई, तुमच्यात सारकं तारण तारण म्हणतेत. कुणी काय गहाण ठेवलंय काय?"

मला हसू आलं, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. सोलापुरात कुठल्याही पेठेतून चालत जा, ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी दिसतेच. तारण हा शब्द त्याला पतपेढीने शिकवला होता. आणि आम्ही चर्चमधली माणसं तोच शब्द गाण्यात, प्रार्थनेत, उपदेशात इतक्या वेळा वापरतो की समोरच्याला तो कळतोय का, हे विचारायचं राहूनच जातं.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गात, वीसेक वर्षं शिकवते आहे. पोरं शिकतात, मोठी माणसं मात्र विचारायला लाजतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे: मित्राबरोबर आलेले, ख्रिस्ती घरात सून म्हणून आलेल्या, नाहीतर शेजारी नाताळाची करंजी देताना काय साजरं करतात असा प्रश्न पडलेले. समजून घेणं वेगळं आणि बाप्तिस्मा घेणं वेगळं. इथे पहिल्याचंच बोलू.

पहिली पायरी : शब्द झटकून घ्या

‘तारण’ मराठीत दोन वेगळ्या अर्थांनी येतं. एक गहाणाचं. दुसरं तारणे या क्रियापदातलं, ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणतो त्यातलं. चर्चमध्ये हे दुसरं. बुडणाऱ्याला हात देऊन काठावर आणणं. येशू या नावाचा अर्थच ‘परमेश्वर तारतो’ असा आहे, आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या (शुभवर्तमान म्हणजे बायबलातलं येशूचं चरित्र) पहिल्याच अध्यायात देवदूत मरीयेचा नवरा योसेफ याला हे नाव ठेवायचं कारण सांगतो: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. रोमी सत्तेपासून किंवा गरिबीपासून, असं तो म्हणत नाही. पापांपासून म्हणतो.

‘खंडणी’ या शब्दानेही लोक दचकतात. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. आज खंडणी म्हटलं की पेपरातलं गुन्ह्यांचं पान आठवतं. इथे जुना अर्थ घ्या, लढाईत धरलेल्याला किंवा गुलामाला सोडवून आणायला मोजलेली किंमत. ‘कृपा’ तर रिक्षाच्या मागे ‘आईची कृपा’ म्हणून रोज दिसते, म्हणून तो शब्द सोपा वाटतो. तो सोपा नाही, पण पुढे येईलच.

आणि एक, तारणाला मोक्ष म्हणून मोकळं होऊ नका. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती शिकवणीत फेरा नाही. एक जन्म, देवाशी तुटलेलं नातं, ते देवानेच पुन्हा जोडणं, आणि मरणानंतर पुनरुत्थान, तेही नुसत्या आत्म्याचं नाही, शरीरासकट. मात्र भक्ती आणि शरण जाणं या गोष्टी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत, पंढरपूर हाकेच्या अंतरावर आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पूल म्हणाले हे ध्यानात घ्या. दोन्ही काठ एकच आहेत असं त्यांनी म्हटलं नाही.

दुसरी पायरी : ‘मी कुणाचं काय वाईट केलंय?’

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुतेक वेळा जरा रागानेच, आणि राग यायलाच हवा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात पापी म्हटलं तर तो चिडणारच. आपल्या डोक्यात पापाची एक यादी असते: चोरी, खून, म्हाताऱ्या आईबापाला उपाशी ठेवणं. त्या यादीत आपलं नाव नसतं, म्हणजे आपण सुटलो.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, पापासाठी जे शब्द आहेत, त्यांतल्या मुख्य शब्दाचा मूळ अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. शास्ते नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख येतो. केसावर नेम धरला तरी त्यांचा धोंडा चुकत नसे. तिथे ‘चुकणे’ म्हणून जे हिब्रू क्रियापद आहे, तेच इतर ठिकाणी ‘पाप करणे’ म्हणून येतं. आपण कशासाठी घडवलेलो होतो आणि कुठे जाऊन पडलो, यांतलं अंतर म्हणजे पाप.

माझी मावशी विड्या वळायची. सोलापुरात हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. कारखान्यातून पानं आणि तंबाखू मोजून मिळायची. घरी पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं. संध्याकाळी टोपली घेऊन कारखान्यात जायचं. तिथे तपासणारा विड्या हातात घेऊन बोटांनी चाचपायचा आणि पटापट बाजूला काढायचा, ही सैल, ही आखूड, ही तोंडाशी फुटलेली. छाट. मावशीचा हात अख्ख्या गल्लीत नाव घेण्यासारखा होता. तरी ती छाटेशिवाय परतल्याचं मला आठवत नाही.

येशूचा सुरुवातीचा प्रचारक, प्रेषित पौल, याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, ‘सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत.’ लहानपणी पाठ केलेलं हे वचन मला कळलं ते त्या ‘उणे’ शब्दावर अडखळल्यावर. आखूड विडीने कुणाचा खून केलेला नसतो, ती मापाला उणी पडते. आणि छाट झालेली विडी स्वतःच स्वतःला उलगडून पुन्हा नीट वळू शकत नाही.

हे त्या यंत्रमागावरच्या पोराला सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने मला त्याच्या धंद्यातलं सांगितलं. ते माझ्या विड्यांपेक्षा सरस निघालं. चादरीत दोन तऱ्हेच्या चुका येतात, म्हणाला. एक, उभा धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही, तर त्या चादरीत रेघ पडते. माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढे चालू. दुसरी, जकार्डच्या कार्डातच भोक चुकलेलं असतं. नक्षी त्या कार्डांवरून उठते. भोक चुकलं की नक्षीचा फेरा आला रे आला, त्याच जागी तीच चूक. कामगार कितीही हुशार असू द्या, सूत कितीही भारी असू द्या. "मग चादर धुऊन काय उपेग ओ ताई, कार्ड बदलाय लागतंय की."

‘पापं’ आणि ‘पाप’ यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येईल असं मला वाटत नाही. पापं म्हणजे रेघा. खोटं बोललो, वजनात मारलं, जावेबद्दल नको ते बोलले. पाप म्हणजे कार्डातलं चुकलेलं भोक, माणसाच्या स्वभावातच बसलेलं स्वतःभोवती फिरणं. नवस, उपवास, दानधर्म, आणि हो, दर रविवारी नेमाने चर्चला येणंसुद्धा, यांनी रेघा थोड्या कमी होतील. कार्ड तेच राहतं.

इथे सोलापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ‘जन्मापासून पापी’ हे शब्द आपल्या गावात जपून वापरावेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी लावली. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. त्या वसाहतीच्या कारभारात मिशनऱ्यांचाही हात होता, तेही लपवू नये. म्हणून कुणी विचारलं की तुमचं पाप म्हणजे तसंच काही का, तर स्पष्ट सांगावं, अगदी उलटं. तो कायदा म्हणत होता की कुंपणाच्या आतले दोषी आणि बाहेरचे निर्दोष. पौल म्हणतो, सर्वांनी. हजेरी देणारा आणि हजेरी घेणारा साहेब, दोघेही एकाच ओळीत. सांगणाऱ्याने हे वाक्य आधी स्वतःला लावून घेतलं नसेल, तर ते दुसऱ्यापुढे उच्चारायचा त्याला काही अधिकार नाही, असं माझं मत आहे.

तिसरी पायरी : पाटल्या

आता पतपेढीतल्या तारणाकडे परत येते.

मी सातवीत असताना वडिलांच्या गिरणीला टाळं लागलं. आईच्या दोन पाटल्या होत्या, माहेरच्या. त्या एका सावकाराकडे गेल्या. जाताना आईने त्या जुन्या धडप्यात बांधल्या, वर दोऱ्याची गाठ मारली, आणि सावकाराने त्या पुरचुंडीला नंबराची चिठ्ठी लावून ती पेटीत टाकली. आईच्या हातात कागद उरला. पुढची तीन वर्षं आम्ही दर महिन्याला फक्त व्याज भरत होतो, मुद्दल जागच्या जागी. वडील हमाली करत होते, आई शिवण करत होती, कुणी आळशी नव्हतं. पण जे येत होतं ते पोटाला आणि व्याजाला जात होतं. आणि पाटल्या तर पेटीत पडून होत्या. त्या स्वतः चालत घरी येणार नव्हत्या.

मग एक दिवस बार्शीचा मामा आला. न सांगता. पिशवीतून ती पुरचुंडी काढून आईपुढे ठेवली, चिठ्ठीसकट. आई कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मग म्हणाली, "दादा, हळूहळू फेडते मी." मामा म्हणाला, "आधी चहा टाक."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आईने काय केलं, तर फडताळात एक बोर्नव्हिटाचा डबा ठेवला आणि महिन्याला दहा-दहा रुपये टाकायला लागली, मामाचे म्हणून. दिवाळीला मामा आला, डबा त्याच्या नजरेला पडला, त्याने विचारलं, आईने सांगितलं. मामाला इतका रागावलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. "सोडवल्यात ना त्या? मग आता कशाचं फेडायलीस?"

नव्या माणसाला तारण समजावताना मी हीच गोष्ट सांगते, कारण अडचण बहुतेकांची तीच असते. पाप आहे हे थोड्या वेळाने सगळे कबूल करतात. दुसऱ्याने किंमत भरली हे मात्र गळी उतरत नाही. आपण कष्टाळू माणसं, फुकटचं घ्यायची सवय नाही, म्हणून आपण एक डबा ठेवतो. दोन उपवास जास्त, थोडं दान जास्त, म्हणजे देवाचे काहीतरी फिटतील. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय या डब्याबद्दलच बोलतो: तुम्ही कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारलेले आहात, हे तुमच्या हातून झालेलं नाही, हे देवाचं दान आहे. कृपा म्हणजे हे. आणि वधस्तंभावरच्या (क्रुसावरच्या) येशूच्या शेवटच्या काही शब्दांपैकी एक वाक्य योहानाने नोंदवलंय, ‘पूर्ण झाले आहे.’ थोडं बाकी आहे, असं नाही.

आता दाखला जिथे गळतो ती जागाही दाखवते, नाहीतर कुणी हुशार माणूस दाखवेलच. मामाने पैसे सावकाराला दिले. येशूने किंमत कुणाला दिली? यावर ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, शतकानुशतकं डोकं खाजवलंय. जुन्या काळी काहींनी म्हटलं, सैतानाला. अकराव्या शतकात अन्सेल्म नावाच्या धर्मपंडिताने ते साफ नाकारलं. माणसाने देवाचा जो मान बुडवला ते ऋण माणसानेच फेडायला हवं, पण फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला, अशी त्याची मांडणी. आणखीही मांडण्या आहेत. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, किंमत सांगितली आहे, घेणाऱ्याचं नाव सांगितलेलं नाही. म्हणून मी दाखला तिथवर ताणत नाही. एवढं मात्र पक्कं धरा: देव म्हणजे पेटीवर बसलेला सावकार आणि येशू म्हणजे दया आलेला मामा, असं चित्र डोक्यात घेतलंत तर घोटाळा होईल. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की देवच ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं बुडालं होतं, तोच सोडवायला आला.

चौथी पायरी : माफीचा हिशोब

कर्जमाफी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. निकष, याद्या, आधार जोडणी, आणि यादीत नाव नसलेला शेजारी. त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. माफ झालेलं कर्ज हवेत जात नाही, कुणीतरी ते सोसतं. बँक सोसेल, सरकारी तिजोरी सोसेल, पण आकडा कुणाच्या तरी अंगावर पडतो. माणसामाणसातही तसंच आहे. भावाने तुम्हाला फसवलं आणि तुम्ही खरंच माफ केलंत, तर त्या रात्रीची झोप तुमची जाते, त्याची नाही. ‘देव मोठा आहे, असंच माफ करून टाकायचं, वधस्तंभ कशाला?’ असं विचारणाऱ्याला मी एवढंच विचारते, तुम्ही शेवटचं कुणाला ‘असंच’ माफ केलं होतं?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने एक हिशोब मांडलाय. एका राजाचा चाकर दहा हजार तालांत देणं लागत होता. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं! ऐकणारे तेव्हाही हसले असतील. चाकर म्हणतो काय, तर ‘मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन.’ आईचा बोर्नव्हिटाचा डबा! राजा सगळं सोडून देतो. आणि हाच माणूस बाहेर पडून, शंभर दिनार देणं लागणाऱ्या सोबत्याची नरडी धरतो. शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नव्हे, हेही खरं. म्हणून तर हा दाखला बोचतो. पुढे काय होतं ते स्वतः वाचा.

पाचवी पायरी : वळणं आणि हात पुढे करणं

‘पश्चात्ताप’ शब्दाने डोळ्यांत पाणी येतं, पण नुसतं रडणं म्हणजे पश्चात्ताप नाही. सोलापूर स्टँडवर पंढरपूरची समजून विजापूरची गाडी धरलीत आणि मंद्रूपच्या पुढे ध्यानात आलं, तर खिडकीशी बसून हळहळून पंढरपूर येत नाही. उतरायचं आणि माघारी गाडी धरायची.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा हेच करतो. बाप जिवंत असताना वाटणी मागतो, दूर देशी उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते आणि डुकरांच्या शेंगा खाव्यात असं त्याला वाटायला लागतं. (सोलापूरकरांनी इथे तोंडाला पाणी सुटू देऊ नये. या भुईमुगाच्या शेंगा नव्हेत, जनावरांना घालायच्या झाडाच्या शेंगा.) तो एक भाषण पाठ करतो: बाबा, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मजुरासारखं ठेवा. मग घराकडे निघतो. बाप लांबूनच बघतो आणि धावत येतो. आता बारकाईने वाचा. मुलगा भाषण सुरू करतो, पण ‘मजुरासारखं ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप त्याआधीच चाकरांना हाक मारून झगा, अंगठी आणि पायताण मागवतो. म्हणजे फेडायची बोलणी सुरूच होऊ देत नाही.

विश्वास म्हणजे एखादी गोष्ट बरोबर आहे असं मनात म्हणणं नाही. मामाने पाटल्या आणल्या हे आईला दिसत होतं, पण तिने हात पुढे करून त्या घातल्या नसत्या तर? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडित. पण नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. पुढे त्यांनी केडगावला संस्था उभी केली, तिचं नाव मुक्ती. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं. रमाबाईंना आठ वर्षं लागली, तर आपल्याला तीन रविवारांत सगळं कळायलाच हवं, असं कुणी म्हणू नये.

करायचं काय, असं विचाराल तर लूकच्याच अठराव्या अध्यायात एक जकातदार मंदिरात लांब उभा राहून छाती बडवत म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ येशू म्हणतो, तो नीतिमान ठरून घरी गेला. प्रार्थना एवढीच. पुस्तकी शब्द लागत नाहीत.

सहावी पायरी : ‘म्हणजे आता कसंही वागा?’

हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यावरच आहे, आणि उत्तर ठणठणीत ‘नाही’ असं आहे. कार्ड बदललं की नक्षी बदलणार, एकदम नाही, पण बदलणार. जक्कयाकडे बघा. वसुलीत लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला माणूस. येशू त्याच्याकडे जेवायला गेला. कुणी काही मागितलं नव्हतं, तरी तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत. क्रम बघा: येशू आधी घरात आला, चौपट नंतर. क्रम उलटा केलात की पुन्हा डबा सुरू.

आणि देवाने माफ केलं म्हणून शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे बुडवलेलेच ठेवायचे, असं होत नाही. ते आधी देऊन या.

सातवी पायरी : या आठवड्यात काय करावं

वाचायला सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. लेवीय नावाच्या पुस्तकात, यज्ञांच्या नियमांमध्ये अडकाल आणि पवित्र शास्त्र कपाटावर जाईल. आधी लूकचा पंधरावा अध्याय, दहा मिनिटांत होतो. मग मार्ककृत शुभवर्तमान, सोळाच अध्याय, एका सुट्टीच्या दुपारी आरामात वाचून होतं. रोमकरांस पत्र त्यानंतर, आणि शक्यतो कुणाबरोबर तरी, कारण पौलाची वाक्यं मारुतीच्या शेपटासारखी लांबतात. जुनं मराठी भाषांतर अवघड वाटलं तर सोप्या मराठीतलं मिळतं.

उपासनेत अर्पणाची थैली फिरते. टाकायलाच पाहिजे असं नाही, पुढे सरकवा, कुणी बघत नाही. तारणाला फी नसते. कुणी ‘इतकं द्या म्हणजे पाप जाईल’ म्हणालं, किंवा प्रार्थनेने आजार जाईल म्हणून गोळ्या बंद करायला सांगितलं, तर तिथून उठून चालू लागा, मग तो कितीही मोठा उपदेशक असो. पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्यावरूनच १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने वाद उभा केला होता आणि युरोपातली मंडळी दुभंगली. तारण कृपेने की कर्माने, या भांडणावर लुथरन (ल्यूथरच्या वाटेने गेलेले) आणि कॅथलिक यांनी मिळून एका समजुतीच्या घोषणापत्रावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ ला. आमच्याकडे भाऊबंदकी मिटायला वेळ लागतो.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वाटतात. ते साधारणपणे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. बसून राहिलात तर कुणाचा अपमान होत नाही. मनात शंका असेल तर पाळकसाहेबांना आधी विचारा. कॅथलिक मैत्रिणीबरोबर गेलात तर तिथे फादरपुढे पापांची कबुली द्यायची रीत आहे. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळीत ती थेट देवापुढे देतात. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठं झाल्यावर, यावरही मंडळ्यांचं एकमत नाही. येशूचं नावही न ऐकता गेलेल्या आपल्या आजी-आजोबांचं काय, या प्रश्नावर तर नाहीच. माझ्यापुरतं मी ते लांबूनच धावत येणाऱ्या त्या बापावर सोडलंय.

प्रश्न असतील तर लिहून आणा. त्या पोराने दुसऱ्या रविवारी विडीच्या पाकिटाच्या कागदावर चार लिहून आणले होते. त्यांतला एक लूकच्या त्या गोष्टीतल्या, रागावून घराबाहेरच थांबलेल्या मोठ्या भावाबद्दल: "मोठा भाऊ शेवटी घरात गेला का?" मी म्हटलं, लूकने लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "असं कसं ओ, मेन तेच की."

उपासना दीड-दोन तास चालते. मे महिन्यात येणार असाल तर पंधरा मिनिटं आधी या, पंख्याखालची बाकं लवकर भरतात.